कुंपणातली बगळी

सांगलीच्या एका कॉलेजात भाऊसो नलवडे तेहेतीस वर्षं वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिपाई होता. हुद्दा शिपायाचा, पण प्राध्यापकांना पुस्तक चाळून जे झुडूप सापडायचं नाही ते भाऊसोला बांधावर चालता चालता सापडायचं. विभागप्रमुख नीलिमा मॅडम बाहेरगावच्या पाहुण्यांना सांगायच्या, "पदव्या आमच्याकडे आहेत, डोळे भाऊसोंकडे." हे वाक्य भाऊसोनं बायकोला, व्याह्याला आणि एकदा तर एसटीच्या कंडक्टरलाही ऐकवलं होतं.

त्याचं गाव वाघदरे, सातारा जिल्ह्यात, पाटणच्या वर सड्यावर. सडा म्हणजे डोंगराच्या माथ्यावरचा उघडाबोडका सपाट कातळ. त्या कातळाच्या खोलगटात पाणी मुरून एक पाणथळ झालेलं, आणि श्रावणात त्यातल्या चिखलातून वीतभर दांड्यावर पांढरी फुलं वर यायची. गावात त्यांना बगळी म्हणत. बगळीला कुणी तोडत नसे, पुजत नसे, आणि तिचं कौतुकही करत नसे. भाऊसोनं एका सुट्टीत मॅडमना ती दाखवली, तेव्हा त्या नेसत्या साडीनिशी चिखलातच बसल्या. ही आमरीची, म्हणजे ऑर्किडची, जात होती, आणि कित्येक वर्षांत ती कुणा अभ्यासकाच्या नजरेला पडली नव्हती. त्या दिवशी मॅडम रडल्या. शिकलेलं माणूस फुलासाठी रडतं हे भाऊसोनं पहिल्यांदाच पाहिलं, आणि तेव्हापासून बगळी त्याला पोटच्या पोरीसारखी झाली.

पोटच्या पोरीला जपायचं म्हणजे काय करायचं, इथंच तो चुकला.

वाघदऱ्यात एक रीत होती. आषाढातल्या बेंदरापर्यंत, म्हणजे बैलांच्या सणापर्यंत, गावाच्या म्हशी त्या पाणथळात लोळायच्या. नागपंचमी आली की जनावर तिकडं फिरकू द्यायचं नाही आणि गवताला विळा लावायचा नाही. दसरा झाला की म्हशी पुन्हा आत. का, असं विचारलं तर कुणाला सांगता आलं नसतं. भाऊसोची थोरली बहीण बनाबाई नवऱ्यामागं चार म्हशींवर संसार ओढत होती, आणि ही रीत तिच्याइतकी कुणीच पाळत नसे. पण भाऊसो निवृत्त होऊन गावी आला त्या श्रावणात तिचं एक रेडकू दावं तोडून पाणथळात शिरलं आणि बगळीचे पाच-सहा दांडे खाऊन बसलं. भाऊसोचं डोकंच फिरलं. भर सड्यावर तो बहिणीला नाही नाही ते बोलला.

"आरं, रेडकू हाय त्ये, त्येला काय कळतंय?" बनाबाई म्हणाली. "आपल्या बापजाद्यापास्नं म्हसरं हितंच लोळत्यात. फूल काय आज आलंय व्हय?"

"तुला न्हाई कळायचं, आक्का. जगात दुसरीकडं कुटं हाय का न्हाई ठावं न्हाई ह्ये. आन् तू म्हसरं घालतीस त्यात?"

बनाबाईनं रेडकू ओढून बाहेर काढलं. तिला न कळणाऱ्या गोष्टी पुष्कळ होत्या, आणि त्या भावाला कळतात यावर तिचा पहिल्यापासून विश्वास होता.

भाऊसो सांगलीला गेला, पाणथळाला कुंपण घालून द्या म्हणून मॅडमच्या हातापाया पडला. आधी एका कोपऱ्याला कुंपण घालून एक-दोन वर्षं बघू, असं त्यांचं म्हणणं होतं. तो ऐकेना. शेवटी त्यांनी वनखात्याला पत्र लिहिलं, आणि पुढच्या उन्हाळ्यात पाणथळाभोवती काटेरी तारेचं पाचपदरी कुंपण उभं राहिलं. त्या श्रावणात बगळी अशी फुलली की बघत राहावं. भाऊसोनं मोजली, दोनशे बारा. पेपरात त्याचा फोटो आला. बनाबाईच्या म्हशींना उन्हाळ्यात बसायला पाणी उरलं नाही; खालचं पाणथळ वाडीच्या जनावरांनाच जेमतेम पुरायचं. तिनं वर्षभर ओढाताण केली आणि मग एकेक करून चारही म्हशी कराडच्या बाजारात विकल्या. भावाला ती एका शब्दानं बोलली नाही.

दुसऱ्या वर्षी बगळी नव्वद आली. तिसऱ्या वर्षी सतरा. भाऊसोनं पावसाला दोष दिला. आत गवत छातीला लागत होतं. मॅडमचा फोन आला तेव्हा तो म्हणाला, "बगळी बरी आहे मॅडम, यंदा थोडी उशिरानं आली." चौथ्या वर्षी, म्हणजे यंदा, तो तारेखालून सरपटत आत गेला. गवत बाजूला सारत तीन दिवस त्यानं ते पाणथळ इंच इंच धुंडाळलं. एकही बगळी नव्हती.

त्याच आठवड्यात मॅडमची भाची रेश्मा हिचा फोन आला. मॅडम मिरजेच्या दवाखान्यात होत्या आणि डॉक्टरांनी आशा सोडली होती. "मावशी सारखं एकच विचारतेय काका, बगळी किती आली. तुम्ही येऊन जा."

भाऊसो उठून बनाबाईकडं गेला. सगळं सांगितलं. ती चुलीपुढं बसून ऐकत होती.

"खालच्या पाणथळाला जाऊन ये," ती म्हणाली. "वाडीतल्या नाथाजीची म्हसरं अजून बेंदरापत्तूर लोळत्यात तितं."

तो गेला. खालचं पाणथळ लहानसं, खुरांनी तुडवून राड झालेलं. आणि त्या खुरांच्या खळग्यांच्या काठाकाठानं बगळी उभी होती, चाळीस तरी असेल. भाऊसो मटकन खाली बसला. तेहेतीस वर्षं तो प्रयोगशाळेत ऐकत आला होता, की आमरीचं बी धुळीसारखं असतं, त्याला उघडा ओला चिखल लागतो. तो उघडा चिखल म्हशी करून देत होत्या, बेंदरापर्यंत आणि दसऱ्यानंतर. हे त्याला ठाऊक असायला हवं होतं. त्याच्याखेरीज गावात हे दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार होतं?

त्यानं तिथल्या फुलांचा मोबाइलवर फोटो काढला आणि मिरज गाठली. एसटीत बसल्या बसल्या त्यानं ठरवून टाकलं. मरणाऱ्या माणसाला खरं सांगून काय साधायचंय? फोटो दाखवायचा आणि वरच्या पाणथळातला म्हणायचा.

मॅडम उशीत हरवून गेल्या होत्या. त्यांनी फोटो डोळ्यांजवळ धरला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"किती?"

"लय हायत," भाऊसो म्हणाला. मॅडमसमोर तो गावची बोली कधी बोलत नसे, आज जीभ आपोआप तिकडं वळली.

"म्हणजे कुंपणाचा उपयोग झाला. मीच उगीच कां-कूं करत होते. तुमचंच बरोबर होतं, भाऊसो." त्यांनी रेश्माला खूण केली. तिनं एक पाकीट भाऊसोच्या हातात दिलं. "तुम्ही मागं सांगितलेल्या खालच्या पाणथळालाही कुंपण घाला म्हणून वनखात्याला लिहिलंय. माझी शेवटची सही समजा. तुम्ही स्वतः नेऊन द्या."

पाकीट हातात धरून भाऊसो उभा राहिला. घ्यावं आणि वाटेत फाडून टाकावं, हा सोपा मार्ग त्याला सुचला नाही असं नाही. पण मॅडमच्या सहीचा कागद त्यानं जन्मात कधी फाडला नव्हता. आणि रेश्मा चौकशी करणार, वनखातं चौकशी करणार. कुणीतरी कुंपण घालणारच.

"मॅडम," तो म्हणाला, "ह्यो फोटू खालच्या पाणथळातला हाय. वरलं समदं गेलं. एक बी न्हाई ऱ्हायलं. कुंपणानं मारलं त्येला. मी मारलं."

मग त्यानं सगळं सांगितलं. म्हशी, बेंदूर, खुरांचे खळगे, सतरा फुलं आणि फोनवरचं खोटं. मॅडम छताकडं बघत होत्या.  मग हळू म्हणाल्या, "हे मला कशाला सांगितलंत?" आणि त्यांनी तोंड भिंतीकडं वळवलं.

रेश्मानं त्याला बाहेर नेलं. पाकीट त्याच्या हातून काढून घेतलं. मिरजेच्या स्टँडवर बाकड्यावर बसून साठी ओलांडलेला तो गडी लहान पोरासारखा रडला. शेजारच्या बाईनं त्याला पाण्याची बाटली दिली, कोण गेलं म्हणून विचारलं. 

पाचव्या दिवशी मॅडम गेल्याचं कळलं. दिवसकार्य झाल्यावर पोस्टानं एक पत्र आलं, अक्षर रेश्माचं, खाली मॅडमची वाकडीतिकडी सही. वनखात्याच्या नावानं होतं. वाघदऱ्याच्या वरच्या पाणथळाचं कुंपण ताबडतोब काढावं, खालच्याला कधीही घालू नये, आणि जनावरांचा जुना शिरस्ता मोडू नये. शेवटी लिहिलं होतं, "कुंपणाची शिफारस माझी होती. चूक सर्वस्वी माझी आहे. श्री. भाऊसो नलवडे यांचा यात कोणताही दोष नाही."

भाऊसोनं ते चार वेळा वाचलं. मॅडमनी आयुष्यात खोटं लिहिलेलं हे एकच पत्र, आणि ते त्याच्यासाठी. त्या रागावल्या असत्या तर त्याला सोसलं असतं. आता हात जोडायला गेलं तरी समोर कुणी नव्हतं.

पत्र वनखात्यात देऊन तो परत आला तो थेट बनाबाईच्या दारात गेला. ती म्हशींच्या रिकाम्या गोठ्यात शेळीला पाला टाकत होती.

"आक्का," तो म्हणाला, "चुकलो मी. तुजं बी वाटोळं केलं आन् बगळीचं बी."

बनाबाईनं हातातला पाला खाली ठेवला आणि भावाकडं नीट बघितलं.

"व्हय," ती म्हणाली. "चुकलास."

असू दे, असं ती म्हणेल म्हणून तो बराच वेळ उभा राहिला. ती म्हणाली नाही.