तिसरा गिअर

ट्रकचा तिसरा गिअर चढावर आपोआप सुटायला लागला, तेव्हा धाकट्या भावोजींनी निकाल देऊन टाकला. "वहिनी, हा गिअरबॉक्स भंगारात घाला. माझ्या ओळखीच्या माणसाकडे दुसरा आहे. एका दिवसात बसवून मोकळे!"

भावोजींच्या ओळखीची माणसं वहिनींना चांगलीच ठाऊक होती. घरातला पंखा, पाण्याची मोटर, खुद्द भावोजींचं दुकान. जिथे जिथे त्यांचा हात लागला, तिथे कायमची शांतता झाली होती. पण नवऱ्याची कंबर धरल्यापासून ट्रक भावोजीच चालवत होते, आणि त्याची हवा त्यांच्या डोक्यात जरा जास्तच गेली होती. वहिनी सरळ उठल्या. गॅरेजवर गेल्या आणि एका उलट्या खोक्यावर ठाण मांडून बसल्या.

म्हाताऱ्या मिस्त्रीनं जुना बॉक्स खाली उतरवला होता. शेजारी भावोजींनी आणलेला बॉक्स होता, चंदेरी रंग फासून नटवलेला.

"उघडून बघू," मिस्त्री म्हणाला.

"छे छे! सील तोडलं तर गॅरंटी जाते."

"म्हणजे आत काय आहे ते बघायचं नाही, एवढीच गॅरंटी," वहिनी म्हणाल्या.

मिस्त्रीनं चंदेरी बॉक्सचा बाहेर आलेला शाफ्ट नुसता हातानं फिरवला. आतून खडे भरडल्यासारखा आवाज आला.

"पडून राहिल्यामुळे जरा आखडलाय," भावोजी म्हणाले.

मिस्त्री जुन्या बॉक्सकडे वळला. त्यानं जुन्या बॉक्सचं झाकण काढलं. दाते शाबूत होते. फक्त गिअर ढकलणारा दोन बोटांचा फोर्क एका बाजूनं झिजून पात्यासारखा झाला होता. तो वहिनींच्या हातात देत मिस्त्री म्हणाला, "बॉक्स चांगला आहे, बाई. हा फोर्क आणि तिसऱ्याची रिंग बदलली की झालं. पण हा उगाच झिजत नाही. कोणीतरी दिवसभर गिअरच्या दांड्यावर हात टाकून बसतं."

भावोजी तसेच चालवत. एक कोपर खिडकीत, दुसरा हात दांड्यावर, आणि स्टिअरिंग बहुधा देवाच्या भरवशावर.

"सगळेच ठेवतात हात," ते म्हणाले.

"तुमच्या दादांनी अठरा वर्षं चालवला. त्यांनी नाही ठेवला."

"दादाचं काय सांगता! तो भित्राच होता."

वहिनींना राग आला नाही. राग यायला समोरचा माणूस तेवढा मोठा तरी लागतो. त्यांनी हात पुढे केला. "चावी द्या."

"मग चालवणार कोण?"

"मी. ह्यांनीच शिकवलंय. लायसन्सही काढलंय. तुम्ही कधी विचारलं नाहीत."

भावोजी हसले, मिस्त्रीकडे बघून. मिस्त्री हसला नाही. चावी निमूटपणे खिशातून बाहेर आली.

तीन दिवसांनी, नवा फोर्क बसल्यावर, विटा भरून वहिनींनी ट्रक चढावर घातला. तिसरा टाकला, हात उचलून घेतला. गिअर जागचा हलला नाही. बॉक्स थोडा गुणगुणत होता. तो आवाज राहणारच, असं मिस्त्रीनं आधीच सांगितलं होतं.

संध्याकाळी नवऱ्यानं पडल्या पडल्या विचारलं, "धाकट्याला वाईट वाटलं असेल, नाही?"

"वाटलं असेल," चपला काढत वहिनी म्हणाल्या. "मला विचारायला सवड झाली नाही."