यांपैकी नाही

मित्रांनो, मी एक जुना लाकडी ठोकळा आहे. ट्रक उतारावर उभा केला की मागच्या चाकाखाली सारतात, तोच मी. माझा एक कोपरा तुटलेला आहे आणि अंगाला ग्रीसचा वास येतो. अकलेचं म्हणाल तर मी पडलो लाकूड. तेव्हा माझ्या सांगण्यात थोडा गोंधळ असेल, तेवढा सांभाळून घ्या.

पूर्वी मी एका दाराच्या चौकटीत होतो. दार मोडकळीला आलं, सुताराने चौकट कापली आणि उरलेला तुकडा चुलीसाठी बाजूला टाकला. तेवढ्यात एका ट्रकच्या ड्रायव्हरची नजर माझ्यावर पडली. त्याने मला एका बाजूने तिरकं कापून घेतलं. जन्मात उंबरठा न ओलांडलेला मी एकदम गावोगाव फिरू लागलो.

त्या ड्रायव्हरला सगळे मामा म्हणत. त्यांच्या जोडीदाराला म्हणत डॉक्टर, कारण तो लोखंडी दांड्याने टायर ठोकायचा आणि नुसत्या आवाजावरून हवा किती आहे ते सांगायचा. माल चढवणं, दोऱ्या आवळणं आणि मला चाकाखाली लावणं ही त्याची कामं. मामा ब्रेकवर पाय दाबून विचारत, "लागला का?" डॉक्टर मला बुटाने दोनदा ठोकून म्हणे, "लागला." मगच मामा पाय काढत. अठरा वर्षांत यात कधी खंड पडला नाही.

एकदा भरलेल्या गाडीचा हँडब्रेक सुटला. सगळा भार माझ्या अंगावर आला. कोपरा तुटला, पण मी हललो नाही. खाली चहाच्या टपरीवर माणसं बसली होती. मामांनी मला उचलून आपल्या रुमालाने पुसलं. त्या दिवसापासून डॉक्टरचा माझ्यावर जेवढा विश्वास बसला, तेवढा कुठल्याच ब्रेकवर बसला नाही. मला त्याचा फार अभिमान वाटायचा. पुढे हाच अभिमान अंगाशी येणार होता.

मामांच्या गुडघ्यांनी दगा दिला. क्लच दाबवेना. मालक डॉक्टरला म्हणाला, "गाडी तुम्हालाच देतो. पण जड वाहनाचा शिकाऊ परवाना काढा. तो मिळाला की मामा शेजारी बसून शिकवतील. महिनाअखेरपर्यंत बघतो, नाहीतर दुसरा माणूस आणावा लागेल." आणि दुसरा माणूस आपला जोडीदार बरोबर आणतो, हे डॉक्टरला सांगायची गरज नव्हती.

परवान्यासाठी आधी कॉम्प्युटरवर पेपर होता. पंचवीस प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय, वीस बरोबर यायला हवेत. डॉक्टरला पहिल्यांदा अकरा मिळाले. दुसऱ्यांदा नऊ. अभ्यास करून मार्क कमी होतात, हे मी पहिल्यांदाच ऐकलं.

त्याच सुमारास गाडी रंगाला गेली आणि मी डॉक्टरच्या घरी आलो. त्याची बायको शिवणकाम करते. तिचं मशीन एका पायावर डुगडुगत होतं, तिने मला त्याखाली सारलं. तिथून मला रोज संध्याकाळचा अभ्यास ऐकू यायचा, आणि जितका ऐकला तितकं माझं डोकं फिरत गेलं. उतारावर गाडी उभी करताना हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये ठेवा, पुढची चाकं कडेला वळवा. पुस्तक असं बरंच काही सांगायचं, पण ठोकळ्याचं नाव काढायचं नाही. मग अठरा वर्षं मी काय माशा मारत होतो? की गाडी थांबायची हँडब्रेकने, आणि मीच उगाच छाती फुगवून बसायचो? काही उलगडेना.

एके दिवशी बायकोने सरावाचा पेपर तपासायला घेतला. दहा चुका होत्या आणि दहाही ठिकाणी एकाच पर्यायाला गोल होता, शेवटच्या. 'यांपैकी नाही.'

"अहो, हे काय?" तिने विचारलं. "उत्तर येत नाही म्हणून ठोकून देता का?"

"येतं ना," डॉक्टर म्हणाला. "टायरची हवा कशाने बघायची? दांड्याने. कुठंय दांडा? दोरी कधी तपासायची? वाजायला लागली की. तेही नाही. आणि उतारावर ठोकळा लावायचा, हे शेंबड्या पोराला कळतं. तो तर कुठेच नाही. मग यांपैकी नाहीच की."

बायको खाली बसली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मी मात्र गार पडलो. माणूस नापास होत होता तो माझ्यापायी. चार पर्यायांत तो मला शोधत होता.

"म्हणजे मी इतकी वर्षं चुकीचं शिकलो?" डॉक्टरचा आवाज पडला होता.

"चुकीचं कशाला? त्यांनी ते विचारलेलंच नाही. आहे त्यातलं बरोबर निवडा." तिने गळ्यातली मापाची टेप काढली आणि प्रत्येक प्रश्नाच्या शेवटच्या पर्यायावर आडवी ठेवली. "पेपर होईपर्यंत त्या ठोकळ्याला विसरायचं."

मित्रांनो, आपल्याला विसरावं अशी मनापासून इच्छा करणं फार अवघड असतं. मी ती केली.

पेपरच्या दिवशी टेप नेता येईना, म्हणून डॉक्टरने स्क्रीनवर हात आडवा धरला. तिथल्या साहेबांनी कारण विचारलं, तर म्हणाला, "डोळ्यांवर उजेड येतोय." मिळाले एकवीस. एका प्रश्नाला 'यांपैकी नाही' हेच बरोबर होतं, तो गेला. घरी आल्यावर तो तेवढ्यावरच हळहळत बसला.

गाडी रंगून आली. डॉक्टर परवाना खिशात घालून निघाला आणि मला खरंच विसरला. मी मशीनखालून बघत राहिलो. आता जन्मभर कापडाचे तुकडे मोजत बसायचं, असं वाटून मन खट्टू झालं. तेवढ्यात बायकोने मला ओढून काढलं, माझ्या जागी ते परवान्याचं पुस्तक सारलं आणि धावत गाडी गाठली.

"पेपर संपला ना? मग याला घ्या."

पुस्तक खरं की मी, हे मला अजून नीट कळलेलं नाही. पण तुम्हाला एक विनंती आहे. पुस्तकातलं शिकताना कंटाळू नका, आणि पुस्तकात नाव नाही म्हणून जुन्या सोबत्याला टाकून देऊ नका.

दुपारी पहिला उतार आला. डॉक्टरने हँडब्रेक ओढला, गिअर टाकला, चाकं कडेला वळवली. पुस्तकात होतं ते सगळं, त्याच क्रमाने. मग खाली उतरून त्याने मला चाकाखाली सारलं आणि बुटाने दोनदा ठोकलं.

शेजारच्या सीटवर मामा गुडघे चोळत बसले होते. त्यांनी खिडकीतून मान बाहेर काढली.

"लागला का?"

"लागला."