चारशे बारावा वेढा

"नाही सर, कॉइलचा काही दोष नाही. माझंच डिझाइन चुकलंय," ऋषी फोनवर सांगत होता, आणि गोजरामावशीच्या हातातला चिमटा खाली पडला.

नवी मुंबईत महाप्यातला आमचा कारखाना म्हणजे एक लांबट शेड, तार गुंडाळून कॉइल करणारी आठ वाइंडिंग मशिनं आणि एक कुरकुरणारा एसी. तपासणीच्या टेबलावर मी, चारुलता, गेली एकवीस वर्षं. तीन नंबरच्या मशिनवर सारसोळे गावची गोजरामावशी, माझ्याही आधीपासून. रिलेच्या, मोटारीच्या, वजनकाट्याच्या कॉइल तिनं किती गुंडाळल्या देव जाणे. परत मात्र एकही आली नाही. महिनाअखेरीला ती रिटायर होणार होती. शाल आणून ठेवली होती आम्ही.

ऋषी हा एका प्रयोगशाळेत संशोधन करणारा मुलगा, प्रयोगासाठी दोन कॉइल करून घ्यायला आमच्याकडे आलेला. त्याचं काम मी मावशीला समजवायला गेले तर मलाच ते कळेना, तेव्हा शेवटी त्यानंच सांगितलं. केसाच्या जाडीएवढा धातूचा मणी. तो इतका थंड करायचा की त्यात वीज विनाअडथळा वाहते. मग दोन कॉइलच्या मधोमध तो कशालाही न टेकता तरंगतो. अणूंचे जे विचित्र नियम असतात, ते एवढ्या मोठ्या वस्तूलाही लागू होतात का, हे त्याला बघायचं होतं.

"एवढी मोठी?" मावशी हसली होती. "मना तं दिसत पन नाय!"

"मणी कसला आहे माहितीये? सोल्डरचा. वायर जोडायला तुमच्या टेबलावर असतं तेच," तो म्हणाला. तेव्हापासून तो मणी मावशीला घरचाच वाटायला लागला.

ऋषीची अट एकच होती. वायर सलग हवी, मध्ये जोड नको. जोड कितीही चांगली असो, दोन टोकं टेकतात तिथं वीज अडते, ऊब धरते आणि मणी पडतो. वायरही खास मागवलेली, केसाहून बारीक आणि दोन कॉइलपुरतीच.

कॉइल गेल्या. मणी उचलला गेला, मिनिटभर तरंगला आणि पडला. असं पाच वेळा झालं, आणि दरवेळी थंड करायला तीन दिवस. महिनाभरात मणी तरंगत राहिला नाही तर प्रयोग बंद, थंड करायचं यंत्र दुसऱ्याला. म्हणून बिचारा दोन्ही कॉइल घेऊन मापं पुन्हा तपासायला आमच्याकडे आला होता.

फोन ठेवून तो चहाला बाहेर गेला, तशी मावशी माझ्या टेबलाशी आली.

"चारू, वायर तुटली व्हती. मी जोडली."

आमच्याकडे वायर तुटणं रोजचंच. तुटली की सोल्डर लावून जोडायची, टेप लावायची आणि पुढे गुंडाळायचं. प्रत्येक कॉइलचं कार्ड असतं, त्यात 'जोड' असा रकाना असतो, तिथं आकडा टाकला की झालं. रिलेला काय फरक पडतोय! मावशीची जोड तर इतकी सुबक की बोटाला लागत नाही, माझ्या मीटरलाही सापडत नाही. या वेळी तिनं रकान्यात शून्य लिहिलं होतं आणि खाली मी सही ठोकली होती.

"अगं, मग तेव्हाच सांगायचं ना!"

"कसा सांगू? एवढ्या वर्सांत कोनाला बोलायला जागा ठेवली नाय. आन् आता जाता जाता हात लटपटला. वाटला, एवढीशी जोड, काय व्हतंय? वायर पन दुसरी नव्हती."

खरं सांगते, मी तिला गप्प बसवायला बघितलं. "नऊ दिवस राहिलेत, मावशी. त्यालाही डिझाइनच चुकलंय असं वाटतंय. जाऊ दे ना." बोलताना मला माझी सही दिसत होती. तिच्या काळजीपोटी बोलले, असं मी नंतर बरेच दिवस स्वतःला सांगत होते. ते खोटं आहे.

"त्याचा काय चुकलाय?" मावशी म्हणाली. "माझ्यापायी तो पोर शिव्या खातोय."

ऋषी आत आला आणि तिनं सांगून टाकलं. रडली नाही, हात जोडले नाहीत. तो स्टुलावर बसला. आता ओरडणार, असं मला वाटलं. कुणीही ओरडलं असतं. त्यानं डोळे पुसले. "म्हणजे डिझाइन बरोबर होतं," एवढंच म्हणाला. मग, "पण वायर आता सहा महिने मिळणार नाही."

"कितव्या वेढ्याला तुटली, त्यो इचार मना."

"कितव्या?"

"चारशे बाराव्या. साडेचारशांत."

इतके दिवस तो आकडा उराशी घेऊन ही बाई जेवत होती, झोपत होती.

"तिथवर उलगडते," ती म्हणाली. "दुसरीची पन तेवढीच. चारशे अकरा, चारशे अकरा. चालतील?"

ऋषीनं माझ्याच पॅडवर आकडेमोड केली. "करंट वाढवावा लागेल थोडा. पण चालतील, मावशी. चालतील!"

दोन दिवस ती भिंगाखाली उलगडत होती. मी शेजारी दिवा धरून बसले. हात थरथरला की ती तो टेबलावर सपाट ठेवायची, थांबायची आणि पुन्हा सुरू करायची. नव्या कार्डावर जोड शून्य. या वेळी एकेक थर मी भिंगातून पाहिला.

निरोपाच्या दिवशी दुपारी ऋषीचा व्हिडिओ कॉल आला. करड्या पडद्यावर एक काळा ठिपका.

"हालत नाय का त्यो?"

"हलतोय, पण आपल्याला दिसेल इतका नाही. एकोणीस तास झाले, मावशी. पडला नाहीये."

मावशी त्या ठिपक्याकडे बघत राहिली. डोळे भरले होते, पण पदर लावला नाही. मालक शाल घेऊन पुढे झाले, तर म्हणाली, "थांबा. चारू, जुना कारड काड."

"आता कशाला ते? फाडून टाकू."

"काड."

मी फायलीतून काढून दिलं. तिनं चष्मा लावला, डाव्या हातानं उजवं मनगट दाबून धरलं, शून्यावर आडवी रेघ मारली आणि शेजारी एक लिहिला. खाली सही केली. मग कार्ड माझ्याकडे सरकवून पेन पुढे केलं.

मीही माझ्या जुन्या सहीशेजारी दुसरी सही केली. त्यानंतर तिनं शाल घेतली.