कळलावी

"हिला कळलावी म्हणतात. घरात आणली की भांडण लागतं," मोतीराम मुलींना सांगत होता.

नाशिकच्या त्या कॉलेजात तो वनस्पतीशास्त्राच्या प्रयोगशाळेत अटेंडंट होता. शिकवणाऱ्या बाईंना उशीर झाला की बागेची माहिती तोच द्यायचा. ऑगस्ट होता, कुंपणावर चढलेली वेल लालपिवळ्या फुलांनी भरली होती. मुली वहीत लिहून घेतायत हे पाहून त्याला आणखी चेव आला.

"आमच्याकडं दोन आहेत. एक ही, आणि दुसरी ती."

पलीकडे पाला झाडणाऱ्या नवसाबाईकडे त्यानं बोट दाखवलं. मुली हसल्या.

पेठ तालुक्यातली नवसाबाई त्र्याण्णव साली सफाईला लागली. मोतीराम कामाच्या वेळी झोपतो का, असं प्राचार्यांनी विचारलं, तेव्हा तिनं खरं ते सांगितलं. तेव्हापासून तो तिला कळलावीच म्हणायचा. चार वर्षांत सगळं कॉलेज म्हणू लागलं.

सविता नावाच्या मुलीनं सहज विचारलं, "मावशी, खरंच भांडण लागतं?"

नवसाबाई झाडू टेकून उभी राहिली. "भांडणाचं नाय ते. बाई अडली का आमच्याकडं सुईण हिचा कंद उगाळून तळपायाला लावायची. पोटात गेला तर विख, म्हून लय जपून. मंग कळा येयाच्या. कळा लावती म्हून कळलावी. माझी आय सुईणच व्हती."

बाई मागे येऊन उभ्या होत्या. "बरोबर. नावाचं मूळ तेच मानतात. भांडणाचं मागून चिकटलं."

सवितानं वहीतली ओळ खोडली. मोतीरामचे कान तापले. थोरलीच्या वेळी त्याची बायको दोन दिवस अडली होती. गावच्या सुईणीनं तिला सोडवलं, तेव्हा हाच माणूस त्या म्हातारीच्या पाया पडला होता.

दुपारी तो नळापाशी गेला. नवसाबाई बादली विसळत होती.

"नवसाबाई, चुकलं माझं." तिचं नाव त्याच्या तोंडून पहिल्यांदाच निघालं.

"तुमी एकट्यानं म्हणायचं सोडलं, तर काय व्हणार?" ती शांतपणे म्हणाली.

तेवढ्यात वरून शिपायानं हाक मारली, "ए कळलावी, जिना राहिलाय पुसायचा."

मोतीराम मान वर करून त्याला दटावणार होता. पण शिपाई ओळखीचं हसला आणि सवयीनं मोतीरामही हसला.

नवसाबाईनं ते पाहिलं. "आले," म्हणाली, आणि बादली भरून जिन्याकडे गेली.