आत उघडणारा दरवाजा

मित्रांनो, मी एका सभागृहाचा जुना सागवानी दरवाजा आहे. पुढचा ऐटबाज दरवाजा नव्हे, बाजूचा. माझ्या कपाळावर लाल अक्षरांत लिहिलंय, 'संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग'. कोणी ते वाचू लागलं की मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

सुतार मला बाहेर उघडेल असा बसवत होता. तेवढ्यात व्यवस्थापक आले. "अहो मिस्त्री, बाहेर आमच्या गाड्या असतात. आत उघडू द्या."

"साहेब, घाबरलेली माणसं ढकलतात, ओढत नाहीत."

"तुमचं आपलं काहीतरीच!"

सुताराने मला आत उघडेल असा बसवला. आणि मी? मी मनात खूश झालो, कारण माझ्या पॉलिशवर गाड्यांचे ओरखडे पडणार नव्हते. कितीतरी वर्षं मी तसाच मिरवत राहिलो.

मग एका संध्याकाळी गाण्यांचा कार्यक्रम झाला. खुर्च्या भरल्या तरी माणसं आत येतच होती. तिकिटं तपासणाऱ्या काकांची मुलगी चिमणी माझ्याजवळ उभी राहून टाळ्या वाजवत होती. अचानक एका स्पीकरच्या वायरीतून धूर निघाला. कोणीतरी ओरडलं, "आग!" सगळा लोंढा माझ्यावर आदळला आणि चिमणी मध्ये चेपली गेली.

काका वळसा घालून बाहेरून धावत आले. "चिमणे! अरे, मागे सरका कोणीतरी!" ते मला खांदा लावत होते. कडी निघाली होती, पण आत उघडायला मला हातभर जागा हवी होती, आणि तिथे बोटभरही नव्हती. चिमणीचा श्वास माझ्या फळीवर मंद होत चालला होता.

तेव्हा मंचावरची गायिका पुढे आली. माइकवर ती शांतपणे म्हणाली, "आग नाही, वायर जळलीये. सगळ्यात मागचे आधी मागे या. एक पाऊल. अजून एक. पडलेल्यांना उचला." लोंढा सैलावला, फट पडली आणि काकांनी लेकीला बाहेर ओढलं.

चिमणी वाचली. तिचा उजवा हात मात्र कोपरात सरळ होत नाही. तिची वेणी आता काका घालतात.

मित्रांनो, कार्यक्रमाला गेलात की आधी बाहेर पडायची वाट शोधून ठेवा. ती अडवलेली असेल तर मोठ्यांना सांगा, न लाजता सांगा. गर्दीत ढकलू नका.

मी आता बाहेर उघडतो. काका रोज मला पुसतात. चिमणी मात्र माझ्यातून जात नाही, लांबच्या दाराने जाते. कोणत्या तोंडाने तिला हाक मारू?