रस्त्याकडची बाजू

चर्चच्या वार्षिक घोडेफेरीत रस्त्याकडची बाजू हेस्टर लस्कमची, हे डेव्हन परगण्यातल्या त्या इंग्रजी गावात कोणी कधी ठरवले नव्हते. पण एकतीस वर्षांत कोणी मोडलेही नव्हते. घोडी जोडीजोडीने निघत. बुजरे जनावर डावीकडे झुडपांच्या कुंपणाच्या अंगाला चाले, मोटारींना निर्ढावलेले उजवीकडे. पहिल्या जोडीत उजव्या हाताला हेस्टरचा घोडा डन्स्टन. गाडीला थोपवायचे तिने, वाट द्यायची तिने आणि हात उंचावून आभारही तिनेच मानायचे. तो हात दिसला की दुधाचा टँकरवालासुद्धा मानाने टोपीला बोट लावी.

यंदा मेव्हिस विजरने प्यूटर नावाची राखी घोडी आणली आणि हेस्टरच्या पोटात दुखू लागले. मेव्हिस तिची शाळेपासूनची मैत्रीण. तिची घोडी एकामागून एक भित्रीच निघाली, म्हणून ती जन्मभर कुंपणाकडून चालली. ही मात्र ट्रॅक्टर खेटून गेला तरी कान हलवीत नसे. "घोडी कसली, किल्ल्याची भिंत आहे!" असे पाद्रीबाई सर्वांदेखत म्हणाल्या.

त्यातच डन्स्टनचा उजवा डोळा महिन्यापूर्वी दुधासारखा पांढुरका झाला होता. त्या बाजूने बादली सरकवली तरी तो दचके. पशुवैद्याला तिने बोलावलेच नाही. बोलावले असते तर गावाला कळले असते. रविवारच्या फेरीत आपल्या मागून चौदा घोडी येणार आणि त्यांतल्या पाच तट्टांवर लहान मुले असणार, हे ती विसरली नव्हती. पण मेव्हिसच्या घोडीला आपल्या जागी पाहणे तिच्या जिवावर येत होते.

गुरुवारी हेस्टर आणि मेव्हिस गाडीवाल्यांना लांबून दिसतील अशी पिवळी जाकिटे घालून, घोड्यांवरून फेरीचा रस्ता तपासायला निघाल्या.

"हेस्टर, आज प्यूटरला बाहेरून, रस्त्याकडून घेऊ का? एकदाच."

"का गं? पाहुणी येऊन चार महिने झाले नाहीत, तोच घराची मालकीण व्हायला निघाली?"

"नुसतं विचारलं बाई! लगेच मिरच्या झोंबल्या."

"तू आपली कुंपणावरची ब्लॅकबेरी खा. इतकी वर्षं मानवलीय तुला."

पूल ओलांडला. मागून टपालवाल्या कॉलिनची नवी, विजेवर चालणारी गाडी आली. कॉलिनने सारे नियम पाळले होते. माणसाच्या चालीच्या वेगाने, पुरते दोन मीटर अंतर राखून तो पुढे जात होता. पण त्या गाडीला आवाज नव्हता आणि त्या बाजूला डन्स्टनला डोळा नव्हता. गाडीचे लाल नाक एकाएकी समोर उगवले तसा तो उसळून प्यूटरवर आदळला. हेस्टरची रिकीब सुटली. प्यूटर जागची हलली नाही. मेव्हिसने हात लांबवून डन्स्टनचा लगाम धरला.

कॉलिन पांढराफटक पडून खाली उतरला. "मिसेस लस्कम, मी तर अगदी हळू..."

"तुझी चूक नाही, कॉलिन. जा तू."

गाडी वळणाआड गेली. हेस्टर आयाळीत बोटे रोवून बसली होती.

"मेव्हिस, त्याचा डोळा..."

"ठाऊक आहे मला. तीन आठवडे झाले."

"मग जीभ काय घरी ठेवली होतीस?"

"बोलले असते तर म्हणाली असतीस, मेव्हिसला माझी जागा हवीय. आणि हवीच होती गं मला! एकतीस वर्षं हवी होती. म्हणूनच तोंड उघडवेना."

हेस्टरने आयाळीतली बोटे सोडवली. मग लगाम खेचून डन्स्टनला तिने स्वतःच कुंपणाकडे वळवले. "आता अशी बघत काय बसलीस? ये बाहेर. मागून गाडी येईल."

रविवारी प्यूटर रस्त्याकडून चालली. डन्स्टनचा मेलेला डोळा तिच्या आड झाकला होता. त्याने सारी वाट मान खाली घालून, शांतपणे काटली. चढावर समोरून दुधाचा टँकर आला आणि थांबला. मेव्हिसने बिचकत हात वर केला.

"कोपर सरळ कर!" हेस्टर गरजली. "त्याला दिसायला हवं. माश्या वारतेस का?"

हात ताठ झाला. टँकरवाल्याने टोपीला बोट लावले, मेव्हिसकडे पाहून.

हेस्टरने मान फिरवली, कुंपणावरची एक ब्लॅकबेरी तोडली आणि तोंडात टाकली. आंबट होती. तिने ती चावून चावून खाल्ली.