रफू केलेला बँडचा टी-शर्ट

जुने कपडे घ्यायचे आणि बदल्यात स्टीलची भांडी द्यायची, हा प्रयागबाईचा धंदा. तेलंगणातल्या इचोड्याच्या घरी तिनं आठवडाभराचा गठ्ठा सोडला, तर लुगड्यांमधून एक काळा टी-शर्ट निघाला. त्यावर खाणकामगाराचं दिव्याचं हेल्मेट आणि खाली ड्रम वाजवायच्या दोन काड्या. सून रंजीता तेलुगू शाळेत शिकलेली. तिनं वाचलं, "'नल्ल बंगारम' बँड, बेल्लमपल्ली, एकोणीसशे एकोणनव्वद. म्हंजे काळं सोनं."

"कोयशाच्या खाणीत बँड?" प्रयागबाईला नवल वाटलं. त्याहून नवल रफूचं. सतरा ठिकाणी विरलेलं कापड कुणीतरी हिरव्या दोऱ्यानं इतकं बारीक भरलं होतं, की बोट फिरवून कळेना. एवढी जिवापाड जपलेली वस्तू कोणी परातीसाठी देतं होय? नक्कीच चुकून आली. बिचारं कोणीतरी आता घरभर शोधत असेल.

"घेतलेला कपडा वापस करत नाही, तुमीच म्हन्ता," रंजीता हसली.

"म्हन्ते. मंग?"

नवरा गेला तेव्हा त्याचा आवडता सदरा प्रयागबाईनं घाईघाईत आपल्याच हातानं गठ्ठ्यात बांधला होता. ते तिला अजून डाचत होतं. टी-शर्ट पिशवीत घालून ती दुपारच्या बसनं निघाली.

तो आठवडा ती सीमेकडच्या एकाच खेड्यात फिरली होती, पण दार कोणतं? तिनं टाक्यांवरून शोधायचं ठरवलं. दोरीवरच्या गोधड्या, कुंपणावरचे परकर, सगळं उलटून पाहिलं. एका बाईनं तर तिला चोरच ठरवलं. शेवटी पाराजवळच्या घरासमोर वाळणाऱ्या वाकळीवर तोच बारीक, हिरवा टाका दिसला.

घर वच्छलाबाईंचं. टी-शर्ट पाहताच त्यांचा चेहरा उतरला. "आनला काऊन वो? मीच देल्ला होता."

"चुकून?"

"समजून." त्यांनी आत पाहत आवाज खाली आणला. "आमचे हे खाणीवर होते तवा बँडात ड्रम वाजवत. आता काईच ध्यानात राह्यत नाही. हा आंगात घातला का परोग्राम आहे म्हन्ते, अन् बेल्लमपल्लीच्या बससाठी जाऊन उभे राह्यते. दोनदा हरवले. जाळाले हात धजला नाही, म्हून परातीवर देल्ला. तवापासून घरीच हायेत. पन तोंडातून शब्द नाही."

प्रयागबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. टी-शर्ट परत पिशवीत कोंबेपर्यंत वच्छलाबाईंचे यजमान महिपतराव दारात आले होते. त्यांनी तो तिच्या हातातून घेतला, सदऱ्यावरूनच अंगात चढवला आणि हातानं नीट सारखा केला.

"उशीर झाला," ते म्हणाले आणि पायऱ्या उतरले.

वच्छलाबाई त्यांच्या पाठीवरच्या रफूकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी दाराला कडी घातली आणि चपला पायांत सरकवल्या.

"थांबा," त्यांनी हाक दिली. "तुमी खाणीवर, मी गावात. पस्तीस वर्षं मी हे नुसतं शिवलं, आयकलं कदीच नाही. आज मी बी येते."